पॅच म्हणजे शेवटी ठिगळच

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सायकल टूरिंगवर लेख आला होता, त्यात एक चौकट होती, फिरून आलेल्या ठिकाणांचे पॅच, म्हणजे भरतकामाचे कापडी बिल्ले, बॅगेवर कसे लावायचे याची, आणि त्या चौकटीत एक ओळ होती की पॅच ठेवा, वरून गरम इस्त्री फिरवा, झालं काम. मग पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं की हे पॅचबिच म्हणजे निव्वळ मिरवणं आहे, सायकलवाल्याने बॅग साधी ठेवावी, आपण कुठे कुठे जाऊन आलो हे पाठीवर लिहून कशाला फिरायचं. दोन्ही वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. इस्त्रीच्या त्या ओळीपायी लोकांच्या चांगल्या बॅगा वाया जाणार आहेत हे पहिलं, आणि मिरवण्यावर चिडलेल्या त्या काकांशी (काका असतील असं आपलं मी धरलंय, पत्राचा सूरच तसा होता) थोडं बोलायचंय हे दुसरं. पत्र लांबलंय, कापायचं तर कुठूनही कापा, फक्त इस्त्रीचं कापू नका.

आधी माझं थोडं. मी नोकरी करते आणि रजा साठवून साठवून वर्षातून एकदा सायकलवर लांब जाते, गेली बारा वर्षं असंच चाललंय. मागे दोन पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकतात त्या बॅगा, आणि पुढे हँडलला एक छोटी. या तिन्हींवर मिळून आज चौदा पॅच आहेत. काका म्हणतील बघा, मोजून ठेवलेत. मोजलेत खरे, पण कारण वेगळं आहे, चौदातल्या अकरा पॅचखाली काहीतरी लपलंय, कुठे भोक, कुठे फाटलेलं, कुठे जळलेलं. सायकलवाल्याला पॅच हा शब्द आधी ट्यूबवरून माहीत झालेला असतो ना, पंक्चर सापडलं की पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशन लावायचं, ते सुकेपर्यंत हात आवरून बसायचं आणि मग पॅच दाबायचा. बॅगेवरच्या पॅचलाही मी त्याच रांगेत बसवते. ठिगळ आहे ते. रंगीत असेल, लांबून आणलेलं असेल, त्यावर डोंगर नाहीतर पूल नाहीतर शिंगवाला प्राणी काढलेला असेल, पण आधी ठिगळ.

आता इस्त्री. माझ्या पहिल्याच पॅचची ही गोष्ट आहे त्यामुळे सांगताना अजून कान गरम होतात. डॅन्यूबच्या काठाकाठाने जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलचा रस्ता आहे, साधारण सव्वातीनशे किलोमीटर, बराचसा सपाट, नवशिक्यांनी सुरुवात करावी असा. तिथून मी एक गोल पॅच आणला, निळी नदी आणि त्यावर चाक. घरी आले, बॅग टेबलावर आडवी केली, इस्त्री कॉटनवर ठेवली आणि दाबली. इस्त्रीचा कॉटनचा आकडा म्हणजे साधारण २०० अंश. बॅग नायलॉनची. नायलॉन जातीप्रमाणे २२० ते २६० अंशाच्या आसपास वितळतं, म्हणजे तसं बघितलं तर वाचायला हवं होतं, पण नायलॉन वितळायच्या बरंच आधी मऊ पडतं आणि आक्रसतं, आणि त्यावर आतून पाणी अडवायला जो पातळ लेप दिलेला असतो तो बिचारा त्याच्याही आधी मान टाकतो. आधी वास आला. मग पॅचच्या कडेचं कापड चकाकायला लागलं, म्हणून घाबरून इस्त्री उचलली तर तिच्या टोकाचा त्रिकोण बॅगेवर तसाच उमटलेला. आत हात घातला तर लेपाची पापुद्र्यासारखी सालपटं बोटांना चिकटली. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो पॅच तिसऱ्या दिवशी अलगद सुटून खाली पडला!

तो का सुटला हे मला नंतर कळलं. इस्त्रीच्या पॅचच्या मागे गोंदाचा एक थर असतो, तो दीडशे अंशाच्या आसपास वितळून कापडाच्या धाग्यांमध्ये शिरतो आणि थंड झाला की धरून बसतो. सुती शर्टाला धागे मोकळे असतात, तिथे हे छान जमतं. पण टूरिंगच्या बॅगेचं कापड बाहेरून पाणी झटकणारं बनवलेलं असतं, जे पाण्याला आत शिरू देत नाही ते गोंदाला कशाला शिरू देईल. म्हणजे उष्णता कमी ठेवली तर चिकटत नाही आणि वाढवली तर बॅग मरते, मधली जागा जवळजवळ नाहीच. पुढच्या पावसात त्याच कोपऱ्यातून पाणी आत आलं आणि झोपायचे कपडे भिजले. मग मी तोच पॅच त्याच त्रिकोणावर सुईने शिवला. माझ्या बॅगेवरचं पहिलं ठिगळ हे त्याच पॅचने केलेल्या जखमेवर आहे, आता बोला.

शिवायचं म्हटलं तरी बॅग कशाची आहे ते बघावं लागतं, कारण सगळ्या बॅगा सुईला सारखं वागवत नाहीत. सगळ्यात समजूतदार म्हणजे जुन्या पद्धतीच्या जाड सुती कॅनव्हासच्या. इंग्लंडमध्ये नेल्सन नावाच्या गावात कॅराडाइस म्हणून कंपनी १९३२ पासून असल्या बॅगा शिवते, आतल्या लेबलावर ज्याने शिवली त्याची सही असते, हे मला फार आवडतं. हे सुती कापड भिजलं की त्याचे तंतू फुगतात आणि सुईची भोकं बरीचशी आपोआप बुजतात, त्यामुळे बिनधास्त शिवा. फक्त मेण लावलेलं कापड असेल तर त्याच्या जवळपासही इस्त्री नको, मेण पातळ होऊन पॅचमध्ये चढतं आणि तेलकट डाग पडतो तो जात नाही.

दुसऱ्या म्हणजे नायलॉनच्या, कॉर्ड्युरा नावाचं जाड नायलॉन वगैरे, माझ्या त्यातल्याच. इथे प्रत्येक टाका म्हणजे एक भोक आहे आणि ते आपलं आपण बुजत नाही, पण आतून सीलर, म्हणजे भोकं बुजवायचा गोंदासारखा लेप, लावून बुजवता येतं, त्यावर पुढे येते.

तिसऱ्या म्हणजे ताडपत्रीसारख्या, तोंड गुंडाळून बकल लावायच्या. या कशा आल्या ते मजेशीर आहे, हार्टमुट ऑर्टलीब नावाचा एक जर्मन तरुण १९८१ मध्ये इंग्लंडात सायकलवर फिरत होता, पावसात सामान भिजत होतं आणि शेजारून ताडपत्री घातलेले ट्रक आपलं सामान कोरडं ठेवून जात होते, त्यावरून त्याने ट्रकच्याच ताडपत्रीच्या बॅगा केल्या आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. या बॅगांचे जोडसुद्धा शिवलेले नसतात, तापवून एकमेकांत वितळवून जोडलेले असतात, का, तर शिलाई म्हणजे भोकं. आणि आपण हौसेने त्यालाच सुई लावायची! नका लावू. एवढीच हौस असेल तर बाहेरच्या जाळीच्या खिशावर शिवा नाहीतर खांद्याच्या पट्ट्यावर, किंवा मग रबरासारखे मऊ प्लास्टिकचे पॅच मिळतात ते हवेच्या बोटी दुरुस्त करायच्या गोंदाने चिकटवा, आधी दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून. भरतकामाचा पॅच त्या गोंदाने धड बसत नाही, मी बघितलंय करून.

मला शिवायला शिकवलं ते बॅगा आणि तंबू दुरुस्त करणाऱ्या एका काकूंनी. त्यांच्याकडे मी गेले ती जळका त्रिकोण घेऊन, वाटलं होतं शिवून देतील, त्यांनी सुई माझ्याच हातात दिली. मी टाचण्या लावायला गेले तर हातावर चापट, म्हणाल्या, "अगं, टाचणी म्हणजे भोकच ना, उगाच चार जास्तीची कशाला पाडतेस." दुतोंडी टेपचा नखाएवढा तुकडा मागे लावून पॅच जागेवर बसवला. सुई अर्धगोल वाकवलेली, गादीवाले वापरतात तसली, कारण बॅगेच्या कोपऱ्यात सरळ सुई वळवायला जागाच नसते. दोरा पॉलिस्टरचा आणि मेणावरून ओढलेला. सुती दोरा ओल्यात कुजतो, नायलॉनचा उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो, आणि सायकलवरची बॅग तर ओल्यातही असते आणि उन्हातही. पॅचची जी जाड गुंडाळलेली कड असते तिच्या आतल्या बाजूला, कड आणि चित्र यांच्या मधे जी बारीक खोबण दिसते, त्या खोबणीतून टीप घालत जायचं, दोरा खोबणीत बसतो आणि दिसतसुद्धा नाही. मला वाटलं टाके जितके जवळ तितकं पक्कं, तर काकू म्हणाल्या, "फार जवळ घेऊ नकोस हं, तिकिटाला भोकांची रांग असते ना फाडायला, तसं होईल."

अर्धा तास मान मोडून गोल पुरा केला, गाठ मारली, ऐटीत बॅग त्यांच्यापुढे ठेवली. काकूंनी वरून बघितलंसुद्धा नाही, म्हणाल्या, "आत हात घाल." घातला. आतला खिसा बाहेरच्या भिंतीला शिवून टाकला होता मी, चांगला पक्का, मेण लावलेल्या दोऱ्याने. सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं, त्याच भोकांतून, एकही नवीन भोक न पाडता, आणि त्याला अर्ध्याऐवजी दीड तास लागला. तेव्हापासून शिवताना डावा हात कायम बॅगेच्या आत, सुईचं टोक त्याच हाताच्या अंगुस्तानावर घ्यायचं.

भोकावर शिवायचं असेल तर आणखी एक युक्ती त्यांनीच सांगितली. नुसता वरून पॅच लावला तर सगळा ताण पॅचच्या कडेवर येतो आणि वर्षभरात कडेने फाटतं, म्हणून आतून आधी अस्तराचा तुकडा द्यायचा, तो पॅचपेक्षा बोटभर मोठा, आणि वरचा पॅच भोकापेक्षा बोटभर मोठा. शक्यतो पॅच गोल घ्यायचा, चौकोनी असेल तर त्याचा कोपरा कधी ना कधी कशात तरी अडकून उचलला जातोच. ट्यूबचे पॅच बघा, गोल नाहीतर कोपरे मारलेले असतात, कारण तेच. शिवून झालं की आतल्या बाजूने टाक्यांवर सीलरचं बोट फिरवायचं आणि रात्रभर सुकू द्यायचं. सीलर दोन जातीचे असतात, सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचा आणि पॉलियुरेथेनच्या लेपाला पॉलियुरेथेनचा, उलट लावला तर सुकल्यावर नखाने सोलून निघतो. आपल्या बॅगेचा लेप कुठला ते बॅगेच्या चिठ्ठीवर नाहीतर कंपनीच्या माहितीत असतं, आधी बघून घ्या.

जागेचं पण बोलून घेते कारण यात जीव जायची गोष्ट आहे. पॅनियरच्या मागच्या अंगाला चांदीसारखी चकाकणारी पट्टी असते, गाडीचा दिवा पडला की उजळणारी. एकदा एका मुलाच्या बॅगेवर त्या पट्टीवरच तीन पॅच बघितले, दिसत होते मस्त, पण संध्याकाळी त्याच्या मागून जाताना मलाच तो दिसेना. पट्टी सोडून द्या. जिथे तोंड गुंडाळलं जातं तिथे नको, घडी पडत नाही. कॅरिअरला घासते ती बाजू नको, महिन्यात भरतकामाचा भुगा होतो. टाच लागते तो पुढचा कोपरा नको, पण गंमत अशी की भोक नेमकं तिथेच पडतं, त्यामुळे तिथे मी साधं जाड कापड लावते, चित्राचा पॅच वाया घालवत नाही. आणि बॅगेच्या बुडाला तर अजिबात नको, भरतकाम पाणी पिऊन बसतं, चिखलात सुकत नाही आणि मग वास मारतं.

व्हेल्क्रोचं, म्हणजे दाबली की चिकटते आणि ओढली की फरफर सुटते त्या पट्टीचं, काहीजण फार सांगतात, हवा तेव्हा लावा हवा तेव्हा काढा. व्हेल्क्रो हा शोध म्हणून भारीच, जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनीअरच्या कुत्र्याच्या केसांना १९४१ मध्ये रानातली काटेरी फळं चिकटली, त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर टोकाला बारीक आकडे, त्यावरून सुचलं, १९५५ मध्ये पेटंट. पण बॅगेवर त्या आकड्यांत चिखल, गवत आणि लोकर जाऊन बसते, आणि वाऱ्यात पॅच उडून जातो ते कळतही नाही. लावायचाच तर मऊ बाजू बॅगेवर शिवा आणि काटेरी बाजू पॅचला, उलट केलंत तर पॅच काढल्यावर बॅग दिसेल त्या कपड्याला धरते. माझा एक पॅच असाच गेला. कुठे गेला माहीत नाही, म्हणून चौदात तो धरत नाही.

आता काकांच्या मिरवण्याकडे येते. मिरवणं आहेच हो, नाही कशाला म्हणू. पण हे आजचं खूळ नाही. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला पायी जाणारे यात्रेकरू परत येताना शिंपला घेऊन यायचे आणि अंगरख्यावर शिवून घ्यायचे, १२व्या शतकातल्या लिखाणात हे आहे, चक्क शिवून घ्यायचे असंच म्हटलंय. आणि जिथे शिंपला तिथे शिंपल्याचा धंदाही आलाच, न जाता शिंपला लावणारेही आले, शेवटी १३व्या शतकात पोपना हुकूम काढावे लागले की सांतियागोबाहेर कोणी हे शिंपले विकले तर त्याला धर्माबाहेर काढू. म्हणजे बघा, घरबसल्या पॅच मागवून लावणाऱ्यांवर आपण आज चिडतो ते किती जुनं चिडणं आहे. आल्प्समध्ये डोंगर चढणारे लोक काठीला छोटे धातूचे बिल्ले ठोकून घ्यायचे, जर्मनमध्ये त्याला श्टॉकनागेल म्हणतात, काठीचा खिळा. सायकलवाल्यांचं तर वेगळंच, इंग्लंडात १८७८ मध्ये सायकल टूरिंगचा क्लब निघाला, त्याची खूण पंख असलेलं चाक, आणि ज्या हॉटेलात सायकलवाल्यांची नीट सोय होते त्याच्या भिंतीवर ते चाक ओतीव लोखंडाचं लावलेलं असायचं. तिथे बिल्ला मुसाफिराने नाही, घराने मिरवला.

मला विचाराल तर मिरवण्याचा प्रश्न नाही, घाईचा आहे. इटलीत स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, २७५७ मीटर, पायथ्याच्या प्रातो गावाकडून चढलं की ४८ वळणं, प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी आणि आकडे वर जाताना कमी कमी होत जातात, म्हणजे दम गेलेल्या माणसाला उलटी मोजणी. वर माथ्यावर दुकानांची रांग आहे, तिथे पॅच मिळतात, आणि तेच पॅच मोटारसायकलवाले घेतात, बसमधून आलेलेही घेतात, पॅचला काय कळतंय कोण कसं आलं. माझ्या एका मित्राने तो पॅच आदल्या संध्याकाळी खालच्या गावातच घेऊन ठेवला, म्हणाला वर गेल्यावर थंडीत कोण दुकानं शोधणार. सप्टेंबर होता. दुसऱ्या दिवशी १९व्या पाटीशी बर्फ सुरू झाला, हात ब्रेकवर वळेनात, आम्ही दोघंही परत फिरलो. मी पॅच घेतला नव्हता त्यामुळे मला नुसतीच हळहळ, त्याला हळहळ आणि वर पॅच. तो पॅच त्याने आजपर्यंत शिवलेला नाही. पंक्चरच्या डबीत ठेवलाय.

मी त्याला एक उपाय सुचवला होता. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ यान गेलं, त्यात गॉर्डन कूपर आणि पीट कॉनरॅड हे दोघं, नासाच्या अंतराळवीरांनी मोहिमेचा स्वतःचा पॅच केला तो पहिल्यांदा याच वेळी. पॅचवर छपराची जुनी गाडी आणि त्यावर शब्द होते, आपल्या भाषेत सांगायचं तर आठ दिवस, नाहीतर फुस्स. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना ते काही पटेना, आठ दिवस नाही झाले तर लोक हसतील, म्हणून मोहीम पार पडेपर्यंत ते शब्द कापडाच्या तुकड्याखाली झाकायचे ठरलं. ठिगळावर ठिगळ! मित्राला म्हटलं तूपण तसंच कर, शिवून टाक आणि वरून चिंधी लाव, चढलास की चिंधी उसव. तो म्हणाला चिंधी बघून सगळे विचारतील खाली काय आहे, त्यापेक्षा डबीच बरी.

काकांना ज्याचा राग येतो ना तो मलाही येतो, पण दुसऱ्याच गोष्टीवर. हल्ली नव्या बॅगाच पॅच छापून येतात. म्हणजे खरा पॅचही नाही, कापडावर पॅचचं चित्र, टाक्यांचंसुद्धा चित्र. कुठल्या कुठल्या खिंडींची नावं, कुठले कुठले झेंडे, आणि बॅग अजून दुकानाच्या दाराबाहेर पडलेली नाही. एका तरुण मुलीने कौतुकाने मला तशी बॅग दाखवली, मी तिला काही बोलले नाही, वर्षभर चालव, मग ती बॅग आपोआप फाटेल आणि त्या छापील झेंड्यावर तुझा स्वतःचा काहीतरी येईल एवढंच मनात म्हटलं. वजनाचंही कोणीतरी म्हणतंच, टूरिंगवाले ब्रशचा दांडा कापून ग्रॅम वाचवतात आणि वर पॅच लावतात. बरोबर आहे. माझे चौदा पॅच उसवून तर वजन करता येत नाही, पण तसलाच एक सुटा पॅच काट्यावर ठेवला तर सात ग्रॅम भरला, म्हणजे सगळे मिळून सुटी ट्यूबसुद्धा होत नाही. थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये उंच चाकाच्या सायकलवर जगप्रवासाला निघाला तेव्हा हँडलच्या बॅगेत मोजे, एक शर्ट, तंबूचं काम करणारा रेनकोट आणि पिस्तूल एवढंच होतं म्हणतात. पिस्तुलापेक्षा पॅच हलके.

अकरांखाली काहीतरी आहे म्हटलं, त्यातली काही सांगते. डावीकडच्या बॅगेवर पुलाचा पॅच आहे, त्याखाली खडीवर पडले तेव्हाचा लांबट ओरखडा, पूल बरोबर त्या ओरखड्यावर तिरका बसलाय, लोकांना वाटतं मुद्दाम कलात्मक लावलाय. उजवीकडे वरच्या झाकणावर घुबड आहे, त्याखाली उंदराने कुरतडलेला कोपरा, हे मात्र मुद्दाम, उंदरावर घुबड बसवलं. हँडलच्या बॅगेला चुलीतली ठिणगी लागून मसुराएवढं भोक पडलं होतं, त्यावर केवढा तरी दीपस्तंभ. पाऊस आला की या सगळ्यावर पिवळं रेनकव्हर चढतं आणि एकही पॅच दिसत नाही, म्हणजे सगळ्यात खडतर दिवशी मी काकांच्या मनासारखी साधी सायकलवाली असते.

उरलेल्या तीनखाली काही नाही. त्यातला एक सांगते आणि आवरते. नॉर्वेत एका फेरीबोटीवर सायकली दोरीने बांधून आम्ही सगळे वर बसलो होतो, समोर एक आजी-आजोबा, दोघांच्या सायकली माझ्याहून जुन्या. भाषा एकमेकांची येत नव्हती. आजोबा माझ्या बॅगेवरचा पूल बघून खाली वाकले, कडेवरून बोट फिरवलं, मग आत हात घालायची खूण करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे आतून अस्तर दिलंय का. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी आजींना काहीतरी सांगितलं. आजींनी खिशातून छोटा चाकू काढला आणि स्वतःच्या बॅगेवरचा एक पॅच उसवायला घेतला, मी नको नको म्हणतेय तोवर चार टाके गेलेसुद्धा. पॅच निघाला तसं त्याखाली बॅगेचा मूळ रंग दिसला, गडद हिरवा गोल, बाकी सगळी बॅग उन्हाने विटून राखाडी झालेली, आणि त्या गोलाच्या मधोमध नाण्याएवढं भोक, आतून अस्तर दिलेलं, व्यवस्थित. पॅच माझ्या हातात ठेवला. मी गडबडून माझ्याकडचा रुंद काळा टेप त्यांना दिला, आजोबांनी तो दातांनी तोडून भोकावर लावला आणि अंगठ्याने दाबत बसले, फेरीबोट किनाऱ्याला लागेपर्यंत. तो पॅच मी चांगल्या कापडावर शिवलाय. काका त्याला मिरवणं म्हणणार असतील तर म्हणोत.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच की पुढच्या रविवारी जमलं तर त्या चौकटीची दुरुस्ती छापा, दोन ओळी पुरेत: बॅगेला इस्त्री लावू नये, पॅच सुईने शिवावा, आतून सीलर लावावा, मागची चकाकणारी पट्टी झाकू नये. चकाकणाऱ्या पट्टीचं तुमच्या चौकटीत नव्हतंच, पण आता छापताच आहात तर घाला.

मित्र येत्या सप्टेंबरात पुन्हा स्टेल्व्हिओला जातोय. काल डबी उघडून बघितली म्हणाला, सोल्यूशनची ट्यूब फुटून पॅचच्या कोपऱ्यावर सुकलीय, निघत नाही.

आपली,
एक सायकलवाली वाचक